बोलावून मारलेले हरीण

जनावर मारण्याचा हक्क माणसाला आहे की नाही, हा वाद फार जुना आहे आणि तो इतक्यात मिटेल असे दिसत नाही. आम्हाला या लेखात त्याच्या शेजारचा, दिसायला लहान पण मनाला टोचणारा प्रश्न घ्यायचा आहे. मारण्याची परवानगी आहे असे क्षणभर धरून चालू. मग ज्याला मारायचे आहे त्याला खोटी हाक घालून जवळ बोलावण्याची परवानगीही त्यातच येते का? की ती वेगळी मागावी लागते?

हा प्रश्न ज्या रिवाजातून निघतो तो आधी सांगितला पाहिजे. उत्तर अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, कायद्याने केली जाते. या हरणांच्या नरांना फांद्यांची शिंगे असतात. ती दर हिवाळ्यात गळतात आणि पुन्हा नवी येतात. नोव्हेंबरच्या सुमारास तिकडच्या बऱ्याच भागांत नर माजावर येतात. खाणेपिणे सुटते, वजनाचा चौथा हिस्सासुद्धा या काळात उतरतो. दोन नर समोरासमोर आले की शिंगांना शिंगे भिडतात. कधी ती अशी अडकतात की सुटत नाहीत आणि दोघेही तसेच मरतात. या झुंजीचा खडखडाट ऐकून आसपासचा तिसरा नर धावत येतो.

शिकाऱ्याने नेमके हेच हेरले आहे. तो गळून पडलेल्या शिंगांची जोडी घेऊन झुडपाआड बसतो. ती एकमेकांवर आपटतो, घासतो, पायाने पाचोळा तुडवतो आणि थांबतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. सोबतीला एक नळी असते, ती फुंकली की नराचा घोगरा हुंकार निघतो. एक डबी असते, ती उलटी केली की मादीची साद निघते. पाडसाच्या किंकाळीचा आवाज काढणारी शिटीही बाजारात मिळते. नर येतो, मादी येते, कधी आईही येते. आणि समोर बंदूक किंवा बाण असतो.

कोणी म्हणेल, अमेरिकेतल्या जंगलाची उठाठेव आपण का करावी? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ, सांबर, काळवीट यांची शिकार बंद आहे. ठीक आहे. पण त्याच कायद्याने 'शिकार' या शब्दाची व्याख्या करताना फक्त मारणे धरलेले नाही. फासात धरणे, हाका घालून पिटाळणे आणि आमिष दाखवणे हेही त्यात धरले आहे. म्हणजे गोळी सुटली नाही तरी आमिष हाच गुन्हा होऊ शकतो, हे आपल्या कायद्यालाही कळलेले आहे. शिवाय आपला दीन शिकारीबद्दल गप्प नाही. कुराणात आणि हदीसमध्ये शिकारीचे नियम आहेत, तिच्या सीमा आहेत. आम्ही स्वतः मांस खाणारे लोक आहोत, बकरी ईदला कुर्बानी करतो. तेव्हा उंच ओट्यावर बसून शिकाऱ्याला निर्दय म्हणण्याचा अधिकार आम्ही घेत नाही. म्हणूनच प्रश्न मारण्याचा नाही, हाकेचा आहे.

शिकाऱ्याची बाजू आधी पूर्ण ऐकली पाहिजे. ती हलकी नाही.

तो म्हणेल, शिकार म्हणजेच लपणे. मी पानांच्या रंगाचे कपडे घालतो, मचाणावर बसतो, वाऱ्याची दिशा पाहतो. हे सगळे फसवणेच आहे. मग आवाजालाच वेगळा न्याय का? जंगलात वाघ दबा धरतो, कोळी जाळे विणतो. लढाई हा डावपेच असतो असे पैगंबर (स.) यांनीही म्हटलेले आहे.

तो पुढे म्हणेल, दूरवरून गोळी घातली तर जनावर जखमी होऊन पळते आणि दोन दिवस तडफडून मरते. हाकेने ते वीस पावलांवर येते आणि एका घावात संपते. हा मुद्दा आम्हाला सगळ्यांत वजनदार वाटतो. कारण सही मुस्लिममधील हदीस आपल्याला माहीत आहे. अल्लाहने प्रत्येक गोष्टीत भलेपणा लाजीम केला आहे. जिवे मारायचे तरी नीट मारा, जिबह करायचे तर सुरी धारदार ठेवा आणि जनावराला आराम द्या, असा तिचा आशय आहे. जवळून, नेमका, एकच घाव हा या आदेशाच्या जवळ जातो.

आणि तिसरे, तो म्हणेल, लांडगा आणि प्यूमा यांना माणसाने अमेरिकेच्या बहुतेक पूर्व भागातून केव्हाच संपवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या हरणांची संख्या काही लाखांवर आली होती, आज ती तीन कोटींच्या आसपास मानली जाते. ती कोवळी रोपे खाऊन जंगल उगवू देत नाहीत, रस्त्यावर मोटारींना धडकतात. कोणीतरी ती कमी केलीच पाहिजेत.

हे तिन्ही मुद्दे आम्ही मान्य करतो. तरीही मन पुरते राजी होत नाही. का होत नाही, ते शोधले पाहिजे.

पहिला फरक आम्हाला असा दिसतो. लपणारा माणूस काही बोलत नाही. झाडामागे उभा राहणारा हरणाला 'मी येथे नाही' असे सांगत नाही. तो फक्त स्वतःला दाखवत नाही. हाक घालणारा मात्र बोलतो. तो हरणाच्या भाषेत एक वाक्य उच्चारतो आणि ते वाक्य खोटे असते. गप्प राहणे आणि खोटे बोलणे यांत आपण माणसांच्या व्यवहारात फरक करतोच. गुपित राखणाऱ्याला कोणी खोटारडा म्हणत नाही.

पण जनावराशी खोटे बोलणे हे खोटे असते का? त्याला कोठे वचन दिले आहे? येथे अबू दाऊदच्या संग्रहातील एक हदीस आठवते. एका आईने आपल्या लहान मुलाला, ये, तुला काहीतरी देते, असे म्हणून हाक मारली. पैगंबर (स.) तेथे होते. काय देणार आहेस, असे त्यांनी विचारले. खजूर, ती म्हणाली. तू काही दिले नसतेस तर तुझ्या नावावर एक खोटे लिहिले गेले असते, असे त्यांनी तिला सांगितले. या प्रसंगात लहान मूल आहे, म्हणजे हिशेब मागू न शकणारा ऐकणारा आहे. तरी हाकेचा हिशेब आहेच. तो ऐकणाऱ्याच्या अकलेवर नव्हे, हाक मारणाऱ्याच्या जिभेवर लिहिला जातो.

इमाम बुखारी (रह.) यांच्याबद्दलची आख्यायिका आपल्या मदरशांत आणि घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. हदीस ऐकण्यासाठी ते लांबचा प्रवास करून एका माणसाकडे गेले. तो सुटलेल्या घोड्याला रिकामा पदर दाखवून, त्यात दाणा आहे असे भासवून, जवळ बोलावत होता. इमामसाहेब एक शब्द न विचारता माघारी फिरले. जो जनावराला फसवतो त्याच्या तोंडची हदीस कशी घ्यावी, हा त्यांचा विचार. आख्यायिका इतिहासाच्या कसोटीवर किती उतरते हे विद्वानांनी पाहावे. पण ती ज्या समाजाने जपली त्या समाजाला काय महत्त्वाचे वाटत होते, हे तिच्यातून स्वच्छ कळते. घोड्याचे काही बिघडले नव्हते, तो तर मालकाकडेच जात होता. बिघडले होते ते माणसाच्या शब्दाचे.

दुसरा फरक सगळ्या हाका एकसारख्या नसण्याचा आहे. शिंगांचा खडखडाट नराच्या ईर्ष्येला हाक घालतो. तो झुंजायला येतो, म्हणजे धोका पत्करूनच येतो. फक्त धोका त्याला वाटतो तो नसतो. मादीची साद त्याच्या ओढीला हाक घालते. आणि पाडसाची किंकाळी आईच्या मायेला. खाली उतरत जाणारी ही पायरी आम्हाला फार महत्त्वाची वाटते. ईर्ष्येपायी फसणे हे निदान झुंजारपणातून येते. मायेपायी फसणे हे जनावरातल्या सर्वांत चांगल्या गोष्टीचा फास करण्यासारखे आहे. एका सफरीत काही सहाबांनी एका पाखराची दोन पिले उचलली, तेव्हा त्यांची आई पंख फडफडवत वर घिरट्या घालू लागली. पैगंबर (स.) यांनी विचारले, हिला हिच्या लेकरांवरून कोणी दुःख दिले? आणि पिले परत ठेवायला लावली. ज्या दीनात पाखराच्या आईची ही घिरटी ऐकली जाते, तेथे पाडसाच्या किंकाळीची शिटी करमणुकीसाठी वाजवता येईल असे आम्हाला वाटत नाही.

भुलवण्याची ही कला केवळ पाश्चिमात्यांची आहे असे समजू नये. अबुल फज्लने 'आईने अकबरी'त अकबराच्या शिकारीचे वर्णन केले आहे. त्यात पाळलेल्या, शिकवलेल्या हरणाच्या शिंगांवर जाळे बांधून त्याला रानटी हरणावर सोडत. दोघे भिडले की रानटी हरणाची शिंगे, पाय, कान जाळ्यात अडकत आणि दबा धरलेली माणसे धावून त्याला पकडत. म्हणजे आजचा शिकारी गळालेली शिंगे वाजवतो, तर मोगल दरबार जिवंत शिंगेच पाठवत असे.

त्यापुढची गोष्ट आणखी विचार करायला लावणारी आहे. जहांगीरकडे मनसराज नावाचे एक हरीण होते. पाळीव हरणांशी झुंजण्यात आणि रानटी हरणे पकडून देण्यात त्याला तोड नव्हती. ते मेले तेव्हा, १६०७ च्या सुमारास, बादशहाने त्याच्या स्मरणार्थ लेख कोरवला. तेथेच उभा राहिलेला मनोरा पाकिस्तानातील शेखूपुरा येथे 'हिरण मिनार' म्हणून आजही आहे. आणि जहांगीरने हुकूम काढला की या मैदानातले हरीण कोणी मारू नये. त्याचे मांस हिंदूला गाईसारखे आणि मुसलमानाला डुकरासारखे समजावे. जे हरीण आपल्याच जातभाईंना फशी पाडत आले, त्याच्या प्रेमापोटी त्याच्या जातभाईंना अभय मिळाले. बादशहाच्या मनात पश्चात्ताप होता असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्याच्या तोंडून आपण खोटे बोलवले त्याचे ऋण राहते, एवढे कोठेतरी जाणवले असावे.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत गझल शिकवतो तेव्हा सय्याद, दाम, दाना आणि कफस हे शब्द वारंवार येतात. शिकारी, जाळे, दाणा आणि पिंजरा. शेकडो वर्षांच्या या शायरीत तलवारीपेक्षा जाळ्याखालच्या दाण्याची तक्रार अधिक आहे. मारले म्हणून शायर इतका रडत नाही. बोलावले आणि मारले म्हणून रडतो. मुलांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. खेळात ज्याला 'ये, तुला घेतो' म्हणून बोलावले आणि घेतले नाही, त्याला तो आधीच कळलेला असतो.

आता गरजेचा विचार. जिम कॉर्बेटने १९३८ च्या नोव्हेंबरात कुमाऊँमधील ठाकच्या नरभक्षक वाघिणीला नर वाघाचा आवाज काढून बोलावले. ती जोडीदार शोधत होती. तो आवाज ऐकून आली आणि मारली गेली. हे दगाबाजीचे कृत्य होते का? ती माणसे मारत होती, गावे भीतीने ओस पडली होती. येथे हाकेने पुढचे जीव वाचले. आम्ही या हाकेला दोष देऊ शकत नाही. आपल्याकडचा फासेपारधी पाखराचा हुबेहूब आवाज काढतो, फासे मांडतो. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण पारध्यांच्या कपाळावरचा शिक्का अजून पुरता पुसलेला नाही. ज्याच्या घरी चूल त्या फाशावर पेटत होती, त्याच्या हाकेला आणि भिंतीवर मोठी शिंगे टांगण्यासाठी सुट्टी काढून आलेल्या माणसाच्या हाकेला एकाच तराजूत घालणे हा अन्याय होईल.

अमेरिकी शिकाऱ्यांनाही हा तराजू ठाऊक आहे. थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने जनावराला सुटकेची खरी संधी ठेवून शिकार करावी हे तत्त्व मांडले. बदकांच्या शिकारीत जिवंत बदके बांधून इतरांना बोलावणे आणि दाणे टाकणे तेथे १९३५ पासून बंद आहे. ध्वनिमुद्रित आवाज लावून पाणपाखरे बोलावण्यावरही सर्वसाधारणपणे बंदी आहे. तोंडाने फुंकलेली शिटी मात्र चालते. हा भेद वरवर विचित्र वाटतो, पण त्यात शहाणपण आहे. शिटी फुंकणाऱ्याला पाखराचे जीवन शिकावे लागते, तो चुकतो आणि पाखरू निसटते. यंत्र चुकत नाही, थकत नाही. फसवणुकीला मेहनतीची मर्यादा राहिली नाही की तिला मर्यादाच राहत नाही.

आपल्या दीनाने मर्यादा आणखी बारकाईने आखली आहे. एहरामच्या अवस्थेत जमिनीवरील शिकार मना आहे. सूरह माइदामध्ये असा आशय येतो की, तुमचे हात आणि भाले सहज पोचतील इतक्या जवळ शिकार आणून अल्लाह तुमची परीक्षा घेईल. येथे कसोटी शिकार मिळवण्याची नाही. ती हाताशी आली असता हात आवरण्याची आहे. हजरत अबू कतादा (रजि.) यांची हकीकत याच संदर्भात येते. बरोबरचे लोक एहराममध्ये होते, ते स्वतः नव्हते. त्यांनी एक रानगाढव मारले. त्याआधी त्यांनी साथीदारांकडे आपला चाबूक उचलून मागितला, तर तो देण्यासही त्यांनी नकार दिला होता. पुढे मांस खावे की नाही असा प्रश्न आला, तेव्हा पैगंबर (स.) यांनी विचारले की तुमच्यापैकी कोणी शिकारीकडे बोट दाखवले होते का, कोणी मदत केली होती का. नाही म्हटल्यावर खाण्यास परवानगी मिळाली. म्हणजे नुसते बोट दाखवणे हीसुद्धा कृती आहे. मग हाक कशी नसेल? गोळी आणि हाक मिळूनच ती शिकार होते.

येथवर आम्ही शिकाऱ्याच्या बाजूने पाहिले. आता हरणाच्या बाजूने पाहू, कारण आपल्या समाजाला तीच बाजू अधिक जवळची आहे.

खडखडाट ऐकून आधी धावतात ते बहुधा तरणे नर. वयात आलेला, दोन-चार हंगाम पाहिलेला नर पुष्कळदा सरळ येत नाही. तो लांबून वळसा घालतो, वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि आधी वास घेतो. शिंगांचा आवाज आहे, पण हरणाचा वास नाही, माणसाचा आहे. तो तेथूनच फिरतो आणि जगतो. शिकाऱ्यांना हे चांगले माहीत असते, म्हणून ते वाऱ्याला इतके घाबरतात.

आपल्या वस्त्यांतही झुडपाआड बसून शिंगे वाजवणारे असतात. अमक्या ठिकाणी आपल्या मुलाला मारले, तमक्या ठिकाणी विटंबना झाली असा खडखडाट होतो. पूर्वी तो तोंडोतोंडी होई, आता मोबाइलवर येतो. ईर्ष्येने पेटलेली तरणी पोरे धावत सुटतात. तेथे झुंज नसतेच; असते ती लाठी, खटला आणि तुरुंग. १९९२-९३ च्या मुंबईने अफवांची किंमत मोजलेली आहे. वाजवणारा कधी आपल्यातला असतो, कधी समोरचा. तो मात्र कधीच सापडत नाही. आणि पाडसाच्या किंकाळीची शिटीही आली आहे. तुमच्या मुलाला पोलिसांनी पकडले, ताबडतोब पैसे पाठवा, असा फोन एखाद्या आईला येतो आणि ती दागिने मोडून बसते. सूरह हुजुरातमध्ये बेभरवशाच्या माणसाने आणलेल्या बातमीची आधी खातरजमा करण्याचा आदेश आहे, नाहीतर अजाणता कोणाचे तरी नुकसान करून बसाल आणि पस्तावाल. वळसा घालून वास घेणारा नर भित्रा नसतो. तो तहकीक करतो.

आम्ही मुफ्ती नाही; हलाल-हरामचा फतवा देणे आमचे काम नव्हे. पण इतके आम्हाला वाटते की मारण्याची परवानगी ही काहीही बोलण्याची परवानगी नाही. भूक असेल, जिवावरचे संकट असेल, घाव सोपा करण्याचा हेतू असेल, तर हाकेला कारण आहे आणि त्या कारणापुरतीच तिला मुभा आहे. शौकासाठी, भिंतीवरच्या शिंगांसाठी ती घालणे म्हणजे आपल्याच जिभेवर खर्च टाकणे आहे. आणि मायेच्या आवाजाची नक्कल शिकाऱ्याने शक्यतो करूच नये, कारण ज्याने एकदा पाडसाचे रडणे हत्यार म्हणून वापरले, त्याला पुढे खरे रडणे ऐकू येईल याची खात्री देता येत नाही. जनावर दावा लावत नाही, साक्ष देत नाही. म्हणून त्याच्याशी बोललेला शब्द हा आपल्या सचोटीची सर्वांत कठीण परीक्षा आहे. तेथे पाहणारा एकच असतो.